जुन्या गाडीचे स्पार्क प्लग घरी बदलताना : काढलेला प्लग फेकण्यापूर्वी नीट पाहावा

दौलतगंजकर

डिसेंबर उजाडला की ग्वाल्हेरमधल्या जुन्या पेट्रोल गाड्या सकाळी सुरू होईनाशा होतात आणि ओळखीच्या मंडळींकडून स्पार्क प्लगविषयी विचारणा सुरू होते, म्हणून या विषयावर मला जे सांगता येईल ते एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहे. माझी गाडी १९९७ सालची मारुती ८०० आहे : तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणारा) आणि हाताने ओढायचा चोक. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण रीतसर झालेले असल्याने ती अजून रस्त्यावर आहे. खालचा मजकूर त्याच पिढीच्या गाड्यांना धरून आहे. ज्यांच्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते, त्यांनी तेवढा फरक लक्षात घ्यावा.

हे काम स्वतः केल्याने मजुरी वाचते, पण ती रक्कम इतकी किरकोळ असते की केवळ तिच्यासाठी कोणी हात काळे करावेत असे मी म्हणणार नाही. माझे कारण वेगळे आहे. गॅरेजमध्ये जुने प्लग निघाले की ते थेट भंगाराच्या डब्यात जातात, आणि इंजिनाच्या आत काय चालले आहे याचा जो पुरावा हाती आलेला असतो तो कोणी न पाहताच नाहीसा होतो. नवे प्लग लागले की गाडी काही आठवडे बरी चालते, मग पुन्हा तेच मिसिंग (एखादा सिलिंडर मधूनच न पेटणे) सुरू होते आणि मिस्त्री सांगतो, ‘प्लग ही डुप्लिकेट निकला, साहब.’ बाजारात डुप्लिकेट माल असतो हे खरे, तथापि अस्सल प्लगदेखील ज्या कारणाने पहिला काळा पडला त्याच कारणाने काळा पडतो, आणि ते कारण शोधण्याची उत्तम वेळ म्हणजे जुना प्लग हातात असतानाची.

साहित्य थोडेच लागते. या गाड्यांना बहुधा २१ मिमीचा प्लग पाना चालतो (नव्या, बारीक अंगाच्या प्लगला १६ मिमीचा लागतो), आणि आत रबराची चकती असलेला सॉकेट मिळाला तर प्लग अलगद धरला जातो व त्याची चिनी माती तडकत नाही. याखेरीज टॉमी (पाना फिरवायचा दांडा), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), सायकलचा पंप आणि प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल अशी वीतभर रबरी नळी जवळ ठेवावी.

इंजिन पूर्ण थंड असावे. हेड, म्हणजे सिलिंडरवरचा ज्यात प्लग बसतो तो भाग, ॲल्युमिनियमचे आहे, आणि तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे पोलादी प्लगबरोबर ओरबाडून निघण्याची शक्यता बरीच असते; म्हणून रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उघडणे सर्वांत सोयीचे. पाना लावण्यापूर्वी प्रत्येक प्लगच्या बुडाशी साचलेली धूळ पंपाने फुंकून टाकावी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वावटळी उठू लागल्या की बॉनेटखाली रेतीचा थरच बसतो, आणि प्लग निघाल्यावर तीच रेती सिलिंडरमध्ये उतरते. त्यानंतर प्लगला वीज आणणारी जाड एचटी वायर टोपीला धरून, किंचित पिळून काढावी, वायरीला धरून ओढू नये. एका वेळी एकच वायर सोडावी, कारण या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-२ असून दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी एकतर सुरूच होत नाही किंवा कार्बोरेटरमधून फटाके वाजतात. प्लग जाम असेल तर जोर करू नये. बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडून तासभर थांबावे, मग पाव आटा सोडावा, पुन्हा थोडा आवळावा, पुन्हा सोडावा.

निघालेले प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून शेजारी सिलिंडरचा क्रमांक लिहावा आणि मग ते उजेडात पाहावेत. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचे चिनी मातीचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर हवा-पेट्रोलचे मिश्रण आणि तापमान दोन्ही ठीक आहेत. बोटाला लागणारी कोरडी, मखमली काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जाते आहे, किंवा गाडी कधी पुरेशी तापतच नाही. काळा थर ओला आणि तेलकट असून त्याला पेट्रोलचा वास नसेल तर इंजिन ऑइल वर येते आहे. टोक पांढरेफटक असून त्यावर फोड किंवा चमकदार दाणे दिसत असतील तर प्लग गरजेपेक्षा जास्त तापतो आहे. मिश्रणात पेट्रोल कमी पडणे, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे असणे, प्लग सैल राहणे किंवा चुकीच्या उष्णता-श्रेणीचा, म्हणजे उष्णता फार सावकाश बाहेर सोडणारा ‘गरम’ प्लग लागणे यांपैकी काहीतरी घडलेले असते. तिन्ही प्लग सारखेच बिघडलेले असतील तर दोष सामाईक आहे, म्हणजे चोक, जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे बारीक भोक) किंवा एअर फिल्टर यांत आहे. एकच बिघडलेला असेल तर तो त्याच सिलिंडरपुरता किंवा त्याच वायरीपुरता आहे. मला तर रंगापेक्षाही ही तुलना अधिक उपयोगी वाटते.

नव्या प्लगचा गॅप (दोन इलेक्ट्रोडमधले अंतर) खोक्यावर काही छापलेले असले तरी मोजूनच घ्यावा. पॉइंटच्या जुन्या इग्निशनला साधारण ०.७ ते ०.८ मिमी असतो, एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांना पुष्कळदा १ मिमी किंवा थोडा अधिक. आपल्या गाडीचे पुस्तक म्हणेल तो आकडा अंतिम मानावा. फीलरची पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड. मधल्याला टेकू देऊन काहीही वाकवू नये, कारण त्याने चिनी मातीला दिसणार नाही असा तडा जातो.

बसवताना प्लगच्या डोक्यावर रबरी नळी चढवून ती बोटांनी फिरवावी. आधी उलट्या दिशेने हळूच फिरवले की आट्याचे तोंड जुळल्याची बारीकशी ‘टक’ जाणवते, मग सुलट फिरवावे. आटा तिरका बसू लागला तर नळी हातातच घसरते आणि हेड वाचते. पान्याला मात्र तिरका आटा कळत नाही, तो रेटून नेतो. प्लग बोटांनी पूर्ण बसल्यानंतर पाना लावून नव्या वॉशरचा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. जुनाच प्लग परत लावत असाल तर त्याचा वॉशर आधीच चेपलेला असतो, म्हणून फेऱ्याचा बारावा भाग पुरे होतो. टॉर्क पाना असल्यास १४ मिमीच्या आट्याला आणि ॲल्युमिनियमच्या हेडला २५ ते ३० न्यूटन-मीटर ठेवावेत. सैल ठेवणेही तितकेच वाईट, कारण प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि वॉशर यांच्या वाटेनेच हेडमध्ये उतरते, आणि ती वाट अपुरी राहिली की प्लग भाजून निघतो.

मुरारचा अॅम्बॅसिडरवाला

दौलतगंजकर, लेखन उत्तम झाले आहे, परंतु आट्यांना ग्रीस लावण्याविषयी आपण काहीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. आमच्या घरी ॲम्बॅसिडर माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे आणि प्रत्येक प्लगच्या आट्याला ग्रॅफाइट ग्रीसचे बोट लावल्याखेरीज वडिलांनी तो कधी आत जाऊ दिला नाही. आजवर एकही प्लग जाम झालेला नाही. प्लगही मायकोचेच, बॉशचे नाव २००८ मध्ये आले तरी आमच्या तोंडी अजून मायकोच आहे.

हजिऱ्याचा अध्यापक

मुरारकर साहेब, आपल्या वडिलांची पद्धत त्यांच्या गाडीला आणि त्या काळच्या प्लगला योग्यच होती. ॲम्बॅसिडरच्या जुन्या बीएमसी इंजिनाचे हेड बिडाचे आहे. बिडाचे आटे थोडा जास्त ताण सहन करतात, आणि त्या काळच्या काळ्या, मुलामा नसलेल्या प्लगला गंजापासून जपणे आवश्यक होते. आता मिळणाऱ्या प्लगच्या आट्यांवर बहुधा निकेल किंवा जस्ताचा चकचकीत मुलामा असतो आणि तो याच कामासाठी दिलेला असतो. एनजीके ही प्लग बनवणारी कंपनी तर आपल्या मुलामा दिलेल्या प्लगना असे वंगण लावू नये असेच सांगते.

यामागचे गणित सोपे आहे. पाना फिरवताना लागणारा बराचसा जोर घर्षणावर खर्च होतो आणि फक्त उरलेला भाग प्लगला प्रत्यक्ष ताणतो. ग्रीसने घर्षण कमी केले की टॉर्क पाना तोच आकडा दाखवत असतानाही प्लगवर आणि हेडच्या आट्यांवर कितीतरी जास्त ताण आलेला असतो. बिडाच्या हेडमध्ये हे खपून जाते, ॲल्युमिनियममध्ये आटे निघून येतात आणि मग लेथवाल्याकडे जाऊन हेलिकॉइल किंवा बुश (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी किंवा नळी) बसवण्याचा खर्च उभा राहतो. फिरवण्याच्या कोनावरून आवळणाऱ्यास हा धोका कमी, हे मात्र मान्य केले पाहिजे.

मुरारचा अॅम्बॅसिडरवाला

अध्यापक महाशय, आपला मुद्दा ॲल्युमिनियमपुरता मान्य आहे. आमची ॲम्बॅसिडर बिडाची असल्याने तिच्यापुरते ग्रीस चालू राहील.

ओम्नीवाला, थाटीपूर

माझी ओम्नी सीएनजीवर चालते. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने प्लग पाहायचे म्हणजे आधी सीट उचलावी लागते आणि त्यामुळे तिकडे लक्ष उशिराच जाते. पेट्रोलवर गाडी अगदी गुळगुळीत चालते, सीएनजीवर मात्र किल्ल्याच्या चढणीवर किंवा चौथ्या गिअरमध्ये दाब दिला की झटके देते. एका गॅरेजमध्ये गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो खर्च करण्यापूर्वी प्लग पाहावेत काय?

दौलतगंजकर

अवश्य पाहावेत, आणि त्यांच्याबरोबर एचटी वायरीसुद्धा. सिलिंडरमधल्या दाबलेल्या सीएनजीमधून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. गॅप झिजून मोठा झालेला असेल किंवा वायरीचे रबर तडकलेले असेल तर पेट्रोलवर कसेबसे भागून जाते, परंतु सीएनजीवर दाब दिला की ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी वायरीतून जवळच्या धातूवर उडी मारते. रात्री पूर्ण अंधारात सीट उचलून, इंजिन सुरू ठेवून पाहिले तर ही गळती निळसर रेघांच्या रूपाने डोळ्यांना दिसते. हात, बाही आणि ओढणी मात्र पंख्याच्या पट्ट्यापासून दूर असावी. गॅप आपल्या पुस्तकातील मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवावा. मल्टिमीटर असल्यास वायरींचा रोध मोजावा, आणि सारख्या लांबीच्या वायरींमध्ये एकीचा आकडा इतरांच्या मानाने खूपच जास्त निघाला तर संपूर्ण संच बदलावा. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत कोळशासारखी बारीक रेघ उमटलेली असेल तर वीज त्या रेघेने वाहते आहे असे समजून कॅप टाकून द्यावी. हे सर्व ठीक निघाल्यावरच रेग्युलेटरकडे वळावे.

कंपूवासी

माझ्या ८०० चे तिन्ही प्लग दर हिवाळ्यात कोरड्या काजळीने माखतात. गाडीचा वापर घरापासून महाराज बाड्यापर्यंत भाजी-सामान आणण्यापुरता आणि नातीला शाळेत सोडण्यापुरता आहे. एका परिचितांनी ‘एक नंबर गरम’ प्लग लावावा असे सुचवले आहे. दुसरा प्रश्न इरिडियम प्लगचा; तो घेतला तर काजळी धरणार नाही असे दुकानदार म्हणतो. तिसरे, प्लग पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरले तर चालेल काय?

हजिऱ्याचा अध्यापक

प्लगचे टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते, आणि ८०० अंशांच्या पुढे गेले की ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटू लागते. प्लगचे काम या दोन टोकांच्या मध्ये राहण्याचे आहे. कंपूपासून बाड्यापर्यंतच्या अंतरात, तेही ४-५ अंशांच्या सकाळी आणि चोक ओढलेला असताना, ते टोक खालच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. त्यात चोकमुळे जादा पेट्रोल जाते आणि काजळी तयार होत राहते. काजळी वीजवाहक असल्याने ठिणगी पडण्याऐवजी वीज चिनी मातीवरून ओघळून बॉडीला मिळते. थंडीत सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्टेज आधीच खाली आलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात चालून गेलेला हाच प्लग जानेवारीत हात टेकतो.

गरम प्लग लावला तर काजळी कमी होईल यात शंका नाही, परंतु तोच प्लग मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, आग्रा-मुंबई रस्त्यावर चार माणसे आणि सामान घेऊन चालेल तेव्हा वरची मर्यादा ओलांडण्याचा धोका राहतो, आणि त्याची किंमत पिस्टनला मोजावी लागते. कंपनीने सांगितलेली श्रेणीच ठेवावी. खरेदी करताना आणखी एक सावधगिरी बाळगावी : एनजीकेच्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, तर बॉशच्या क्रमांकात नेमके उलट, मोठा आकडा म्हणजे गरम. बीपीआर६ईएस या क्रमांकातील ६ ही उष्णता-श्रेणी आहे, ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिमी आणि आर म्हणजे आत रेझिस्टर असलेला. एका कंपनीचा आकडा पाहून दुसरीचा प्लग मागू नये, दुकानदाराकडील तुलनेचा तक्ता पाहावा. आट्याची लांबी तर चुकताच कामा नये. लांब आट्याचा प्लग आखूड भोकात गेला तर पिस्टनवर आदळू शकतो.

इरिडियमची तार बारीक असल्याने ठिणगीला व्होल्टेज कमी लागते आणि प्लग कित्येक पट टिकतो, हे त्याचे खरे गुण आहेत. पण काजळीला त्याचे वावडे नाही. जादा पेट्रोल जाणाऱ्या इंजिनात तोही माखतो, फक्त जास्त पैशांत माखतो. साधा निकेलचा प्लग १५ ते २० हजार किलोमीटर पुरतो आणि आपल्या वापराला तेवढे पुष्कळ आहे.

घासण्याविषयी एवढेच सांगेन की इलेक्ट्रोडच्या कडा बारीक पॉलिश पेपरने धारदार केल्या तर तात्पुरता फायदा होतो, कारण गोलावलेल्या कडेपेक्षा धारदार कडेवरून ठिणगी सहज उडते. चिनी मातीवर मात्र तारेचा ब्रश मुळीच फिरवू नये. त्याचे धातूचे कण तिच्यावर चिकटतात आणि वीज ओघळायला नवी वाट तयार होते.

दौलतगंजकर

यात माझी थोडी भर. कंपूवासी, आपण एअर क्लीनरचे झाकण काढून चोकची झडप पाहावी. डॅशबोर्डवरची मूठ पूर्ण आत ढकललेली असतानाही केबल गंजल्यामुळे झडप अर्धवट मिटलेली राहते, आणि जुन्या ८०० मध्ये हे फार वेळा दिसते. पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो, तोही काढून पाहावा. आपल्या पिढीच्या गाड्यांना मर्यादा ३ टक्क्यांची आहे. गाडी तापलेली असतानाही आकडा त्या मर्यादेला टेकत असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे हे प्लगशिवायही सिद्ध होते. आकडा कमी असून प्लग काळे असतील तर दोष बहुधा छोट्या फेऱ्यांचा आहे. तसे निघाल्यास आठवड्यातून एकदा झाशी रस्त्याने सिथौलीच्या पुढपर्यंत गाडी सलग पळवून आणावी, काजळी जळून जाईल.

लष्करची स्नेहलता

येथे सर्व जण जादा पेट्रोलविषयी लिहीत आहेत, माझ्या १९९९ च्या कार्बोरेटरवाल्या गाडीचे प्लग उलट पांढरे पडू लागले आहेत. जेटला हात लावलेला नाही, टायमिंग तपासून झाले आहे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल जास्त असते, त्याचा हा परिणाम असू शकेल का?

हजिऱ्याचा अध्यापक

ताई, असू शकेल. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ किलो पुरते, कारण इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि संगणक इंधन वाढवून देतो. कार्बोरेटरला असे काही कळत नाही. जेटचे भोक ठरलेले असते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन तुलनेने कमी पडते. प्लगवर फोड नसतील आणि इंजिन तापून ठोके देत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही, परंतु मुख्य जेट एक पायरी मोठा बसवण्याविषयी कार्बोरेटरच्या जाणकार मिस्त्रीशी बोलावे. तत्पूर्वी मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांतून हवा ओढली जात नाही ना, हे पाहून घ्यावे, कारण त्या दोषातही प्लग पांढरेच पडतात. रबरी पेट्रोल नळ्या जुन्या असतील तर त्या याच निमित्ताने बदलाव्यात.

छावणीचा वाचक

माझ्याकडे पहिला आणि तिसरा प्लग छान तपकिरी आहेत, मधला तेलाने ओला आहे. मिस्त्री म्हणतात, इंजिनाचे काम काढावे लागेल. सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो आणि थोड्या वेळाने नाहीसा होतो. एका प्लगवरून संपूर्ण इंजिन उघडणे योग्य आहे का?

दौलतगंजकर

एका प्लगवरून नाही; आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्यावे. इंजिन तापवून, मग हात लावण्याइतके निवले की तिन्ही प्लग काढावेत, इग्निशन कॉइलचा पुरवठा सोडवावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा आणि तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून ठेवावेत. त्यांच्यात १ किलो प्रति चौरस सेंमीपेक्षा जास्त फरक असू नये. मधला आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे : आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजते, न चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. आणि आकडे तिन्ही सारखे येऊनही प्लग तेलकट असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील सील कडक झाले आहेत असे समजावे. रात्रभर उभ्या गाडीत तेल त्या सिलांमधून खाली झिरपते, म्हणूनच धूर सकाळी येतो आणि मग थांबतो. आपले वर्णन मला या शेवटच्या प्रकाराशी जुळणारे वाटते.

छावणीचा वाचक

पडावाजवळच्या एका मिस्त्रींकडे मीटर मिळाला आणि त्यांनी माझ्यासमोरच मोजून दाखवले. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे रिंगांचा प्रश्न दिसत नाही. सील बदलण्यासाठी हेड उतरवावेच लागेल का?

दौलतगंजकर

प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात आणि हेड न उतरवता सील बदलता येतात, परंतु त्यासाठी जोडणी आणि हात दोन्ही सरावाचे लागतात. आपल्याकडे बहुतेक मिस्त्री हेड उतरवूनच हे काम करतात. उतरवलेच तर व्हॉल्व्हचे गाइड (दांड्या ज्यांत सरकतात त्या नळ्या) झिजले आहेत का ते पाहण्यास सांगावे, कारण गाइड ढिले असतील तर नवे सील फार दिवस टिकणार नाहीत. हेड गॅस्केट नवेच घालावे. सील बदलेपर्यंत मधला प्लग अधूनमधून काढून पेट्रोलने धुऊन, वाळवून लावला तरी गाडी चालेल, त्यासाठी नवा प्लग घेण्याची आवश्यकता नाही.